नऊ महिने वापरल्यानंतर: काच-ग्रॅनाइटची घोडी आणि तिच्या तळाचे रबर

मे महिन्यातल्या एका दुपारी नागपूरजवळच्या वाडीच्या आमच्या गोदामात १२ मिमी जाडीची, ७ बाय ३ फुटांची टफन (भट्टीत तापवून कणखर केलेली) काच घोडीवर, म्हणजे माल उभा टेकवून ठेवायच्या लोखंडी चौकटीवर, ठेवताना फुटली. ती हातातून सुटली नव्हती आणि तिला कुणाचा धक्काही लागला नव्हता. खालचा आतला कोपरा उघड्या लोखंडाला टेकला आणि जवळपास साठ किलोच्या काचेची क्षणात खडीसाखर झाली. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता किंवा घासता येत नाही, माप, भोके आणि कडा सगळे आधीच केलेले असते, त्यामुळे कोपरा गेला की दुरुस्तीचा प्रश्नच उरत नाही. धरमपेठेतल्या एका दुकानाच्या दाराची ती काच होती. साडेचार हजार रुपये गेले आणि त्या दुकानदाराचे उद्घाटन चार दिवस पुढे ढकलावे लागले, याचे वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटले.

ही दोन्ही बाजूंनी माल ठेवण्याची ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराची, घोडी मी फेब्रुवारीत ४२,००० रुपयांना घेतली. एका बाजूला एक टन, म्हणजे १८ मिमी जाडीचे ९ बाय ३ फुटांचे आठ ग्रॅनाइट स्लॅब, हा कंपनीचा दावा खरा आहे. नऊ महिन्यांत कुठलाही जोड वाकलेला किंवा तडकलेला नाही. सुरुवातीला मला तिचा राग आला तो जागेमुळे. पाठ सहा अंशांनी कललेली आणि खाली पाय पसरलेले, त्यामुळे चार फूट रुंदी एकट्या तिनेच अडवली. भिंतीला जवळजवळ उभे लावले तर याच जागेत दुप्पट माल मावतो, असे मी तेव्हा सर्वांना सांगत होतो.

ते मत मी मागे घेतो. १२ मिमी काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे ८ बाय ६ फुटांची काच सुमारे १३४ किलोची होते. ती तीन अंशांच्या कलाने उभी असेल, तर वरची कड साडेतीन किलोच्या ओढीने सरळ उभी होते आणि त्यापुढे ती आपल्या अंगावर येते. सहा अंशांवर हीच ओढ सात किलोंच्या आसपास लागते. दोन्ही आकडे किती लहान आहेत ते पाहावे. मागचा स्लॅब गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी पुढचे चार स्लॅब वहीच्या पानांसारखे अंगावर झेलून धरण्याची आपल्याकडची सवय केवढी भयंकर आहे, हे मला ही आकडेमोड केल्यावर कळले. चार स्लॅब म्हणजे जवळपास पाचशे किलो. ते एकदा उभ्या रेषेच्या अलीकडे आले की कुणाच्याही बापाला धरता येत नाहीत, आणि धरायला जाणारा माणूसच आधी सापडतो. आमच्याकडे आता एकच आज्ञा आहे: माल पडू लागला तर हात काढा आणि बाजूला व्हा.

आता रबराविषयी. घोडीच्या तळाच्या पाइपवर १० मिमी जाडीची रबराची पट्टी असते आणि काचेची कड तिच्यावर टेकते. या घोडीत ती पट्टी फक्त डिंकासारख्या सोल्युशनने चिकटवलेली आहे. नागपूरचा मे आणि वर टिनाचे शेड, यात ते सोल्युशन दुपारपर्यंत गुळाच्या पाकासारखे मऊ झाले. काच आत सरकवली की पट्टी तिच्याबरोबर सरकत होती, पुढे गोळा होत होती आणि मागे चार बोटे लोखंड उघडे पडत होते. कोपरा टेकला तो नेमका तिथेच.

कंपनीला फोन केला, फोटो पाठवले. रबर ही झिजणारी वस्तू असल्यामुळे वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले. ते झिजलेले नाही, जसेच्या तसे सरकले आहे, हे मी तीन वेळा समजावून सांगितले. शेवटी त्यांनी सोल्युशनची एक ट्यूब कुरियरने पाठवली, तिने चिकटवलेली पट्टी एकवीस दिवस टिकली. बेचाळीस हजारांच्या वस्तूत काचेशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध येतो तो तीन-चारशे रुपयांचा भाग असा सोडून द्यावा, हे मला आजही पटत नाही.

इथपर्यंतचा बराचसा मजकूर जुलैत लिहून ठेवला होता आणि त्याचा शेवट ‘घेऊ नका’ असा होता. ऑगस्टमध्ये जे घडले त्यानंतर तो शेवट खोडला.

करीमनगरकडून आलेले टॅन ब्राउन ग्रॅनाइटचे स्लॅब टेम्पोतून घोडीसकट उतरवून आम्ही ती गोदामाच्या दारात उभी केली होती, जिथे पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून फरशीला उतार दिलेला आहे. दोन्ही बाजूंना सहा-सहा स्लॅब होते. घाईत हमालांनी चढाच्या बाजूचे सगळे एकामागोमाग काढले आणि मी तिथे उभा असूनही त्यांना थांबवले नाही. दोन्ही बाजूंचा माल आळीपाळीने उतरवायचा असतो, ही सांगण्याची जबाबदारी माझी होती. चढाच्या बाजूचे पाय दोन बोटे उचलले गेले आणि उताराकडचे सहाही स्लॅब पाठ सोडून पुढे झुकले. समोर एक हमाल वाकून बेल्ट गुंडाळत होता. तळाच्या भोकांमध्ये उभ्या लावायच्या लोखंडी खुंट्यांपैकी दोन त्या बाजूला लावलेल्या होत्या, त्यांच्यावर ते सव्वासातशे किलो वजन अडले. एक खुंटी किंचित वाकली, पण कुणालाही खरचटले देखील नाही. “भाऊ, ही दांडी नसती तर...” एवढेच तो म्हणाला. त्या खुंट्या मी फेब्रुवारीपासून अडगळ म्हणून कोपऱ्यात टाकल्या होत्या, त्या दिवशी फक्त टेम्पोत लावल्या म्हणून जागेवर राहिल्या होत्या. त्या बनवणाऱ्या कारागिराचे मी मनापासून आभार मानतो.

वाहतुकीबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तिथे तक्रार नाही. माल आडवा नेला की खड्ड्यात हिसका बसून काच वाकते आणि खालच्या बाजूला ताण येतो, काच असो वा दगड, दाब सोसतात पण ताण सोसत नाहीत. या घोडीवर माल उभा जातो. माल बांधायचे पट्टे मात्र चार-पाच किलोमीटरनंतर गाडी थांबवून पुन्हा आवळावेत, कारण रबर दबले की ते सैल पडतात. पांढऱ्या मार्बलखाली काळे रबर ठेवू नये, डाग पडतो. पावसाळ्यात दोन काचांमध्ये कोरडा कागद घालावा; ओल साचली की काचेवर चढलेला पांढुरका थर पुसून जात नाही.

रबरावरचा उपाय अखेर हिंगण्याच्या एका फॅब्रिकेटरने केला. तळाच्या पाइपवर दोन्ही कडांना ५ मिमी उंचीच्या पट्ट्या वेल्ड करून मधे खाच तयार केली आणि १० मिमी रबर त्यात घट्ट ठोकून बसवले. रबर लोखंडाच्या ५ मिमी वर राहते, वजनाने दबले तरी कड लोखंडाला लागत नाही, आणि सरकायला जागा उरत नाही. स्क्रू मारू दिले नाहीत, कारण रबर दबल्यावर स्क्रूचे डोके वर आले तर काचेला तेच लागणार. रबर आणि मजुरी धरून १,८०० रुपये लागले. ऑक्टोबरच्या उन्हात ते तसूभरही हलले नाही.

मागच्या आठवड्यात दुसरी घोडी त्याच कंपनीकडे नोंदवली आहे. चार खुंट्या जादा मागितल्या आहेत, रबर नको असे लेखी कळवले आहे आणि त्याचे ३५० रुपये बिलातून वजा करून घेतले आहेत.