एकत्र जमता येत नाही तेव्हा: थेट प्रक्षेपण, व्हिडिओ सभा, ध्वनिसंदेश की फोन?

२२ मार्च २०२० हा रविवार होता. जनता कर्फ्यूमुळे त्या दिवशी आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, उपासना झाली नाही, आणि त्यानंतर महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला उघडली. या दोन खंडांत आम्ही हाती येईल ते प्रत्येक साधन वापरून पाहिले. साथीमुळे किंवा पुरामुळे तशी वेळ पुन्हा आली तर आधी काय हाती घ्यावे, हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीने आजच ठरवून ठेवावे, म्हणून ही तुलना मांडत आहे. आमची मोठी चूक अशी झाली की उपासना घरोघरी कशी दाखवता येईल याचाच आम्ही आधी विचार केला आणि या काळात एकटे कोण पडेल हे विचारायला उशीर केला.

थेट प्रक्षेपणाचा लाभ उघड आहे. अंथरुणाला खिळलेली माणसे आणि पुण्याला किंवा दुबईला असलेली मुले एकाच वेळी एकच वचन ऐकतात. दृश्याची ताकद मी नाकारत नाही. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी रोममध्ये संत पेत्राच्या रिकाम्या, पावसात भिजलेल्या चौकात पोप फ्रान्सिस यांनी केलेली प्रार्थना जगभरच्या माणसांच्या मनात राहिली आहे. परंतु लहान मंडळीसाठी हा मार्ग खर्चिक आहे. त्या वेळी यूट्यूबवर मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करण्यासाठी वाहिनीला एक हजार सबस्क्रायबर असण्याची अट होती, आणि तासाभराचे प्रक्षेपण पाहणाऱ्याचा काहीशे एमबी डेटा घेत असे. शिवाय पाळकांना (उपासना चालवणाऱ्या धर्मगुरूंना) समोर केवळ एक आकडा दिसतो. कोण आले नाही हे कळत नाही, आणि मंडळी हळूहळू प्रेक्षक होऊ लागते.

त्या मानाने ध्वनिसंदेश फार गरीब साधन वाटते, पण आमच्या अनुभवात ते अधिक जवळचे ठरले. दहा मिनिटांचा संदेश दोन-तीन एमबीत मावतो, कमकुवत नेटवर्कवरही उतरतो आणि पुन्हा ऐकता येतो. १० एप्रिल २०२० च्या शुभ शुक्रवारी येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मंडळीतील सात जणांनी आपापल्या घरून बोलून संदेश पाठवले. ‘मला तहान लागली आहे’ या पाचव्या उद्गारावरील मनन चालू असताना मागे नळाला पाणी आले होते आणि बादली भरत असल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तो काढून टाकावा असे कोणालाही वाटले नाही.

व्हिडिओ सभेविषयी थोडक्यात सांगतो. झूमची विनामूल्य सभा चाळीस मिनिटांत संपते आणि त्यावर एकत्र गीत गाता येत नाही, कारण प्रत्येकाचा आवाज क्षणभर मागे-पुढे पोहोचतो. पेटीवर एकाने गावे आणि बाकीच्यांनी आपला माइक बंद ठेवून घरात गावे, एवढेच शक्य होते. पूर्ण उपासनेसाठी मी हे साधन सुचवणार नाही. आठ-दहा जणांची प्रार्थनासभा, महिला मंडळ आणि शब्बाथशाळेचे, म्हणजे रविवारच्या बायबल शिक्षणाचे, लहान वर्ग यांना मात्र ते चांगले उपयोगी पडते, कारण तेथे चेहरे दिसतात आणि प्रत्येकाला बोलता येते.

माझ्या मते पहिले स्थान साध्या फोनचे आहे. मंडळीत एकशे वीस घरे असतील तर बारा जणांनी प्रत्येकी दहा घरे वाटून घ्यावीत. दहा मिनिटांप्रमाणे आठवड्याला दोन तासही लागत नाहीत. माझ्या वाट्याला आलेल्या घरांत एकट्या राहणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचा मुलगा परगावी अडकला होता आणि त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, म्हणजे आमची एकही चित्रफीत त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. मी स्तोत्र १२१ वाचायला घेतले की दुसऱ्या ओळीपासून त्या स्वतःच पाठ म्हणू लागत आणि शेवटी मलाच विचारत, “बाळा, तू जेवलास का?” एकदा निरोप घेता घेता त्या सहज म्हणाल्या, “गोळ्या आहेत अजून, दोन दिवस पुरतील.” त्याच दिवशी तरुण संघातील एका मुलाने त्या गोळ्या त्यांच्या दारात नेऊन ठेवल्या. प्रक्षेपण कितीही उत्तम असले तरी ते वाक्य त्यातून आमच्यापर्यंत आले नसते.

व्हॉट्सॲप गट सूचनांसाठी ठेवावा, पण प्रार्थनाविनंत्यांच्या बाबतीत फार जपावे. एका कुटुंबाच्या आजाराची आमच्या गटातील विनंती कोणीतरी पुढे पाठवली आणि त्या घराशी शेजाऱ्यांनी बोलणे सोडले. तेव्हापासून आजाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीशिवाय गटावर टाकायचे नाही आणि गटावर केवळ चालकांनीच लिहायचे, असा नियम आम्ही केला.

काही गोष्टींना यांपैकी कोणतेच साधन पुरत नाही. प्रभुभोजनाबाबत, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीबाबत, कॅथॉलिक बांधवांनी आध्यात्मिक सहभागितेची (प्रत्यक्ष न घेता मनाने सहभागी होण्याची) प्रार्थना केली, काही प्रोटेस्टंट मंडळ्यांनी घरोघरी भाकर व द्राक्षरस घेतला, तर काहींनी थांबणे पसंत केले. हा निर्णय पाळक आणि कमिटीने मिळून आधीच घ्यावा. दफनविधीला वीसच माणसांची मर्यादा होती, तेव्हा स्मशानभूमीतून फोनवर ऐकवलेली प्रार्थना घरच्यांना किती अपुरी वाटली हे मी पाहिले आहे. योहानाने आपल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, पुष्कळ लिहायचे असूनही कागद व शाईने न लिहिता समक्ष भेटून बोलण्याची आशा आहे, असे म्हटले आहे, आणि त्या महिन्यांत त्या ओळीचा अर्थ आम्हाला नव्याने कळला.

तेव्हा क्रम असा ठेवावा: आधी फोन, मग ध्वनिसंदेश, नंतर लहान व्हिडिओ सभा आणि बळ असेल तर प्रक्षेपण. घरांची यादी कागदावर लिहून काढावी, प्रत्येक नावापुढे फोन साधा की स्मार्ट याची नोंद करावी, आणि ती वर्षातून दोनदा, ईस्टर व नाताळाच्या आधी, ताजी करावी.