चवथीच्या आदल्या दिवशी पॉइंटच्या नावाखाली गेलेले ४६,९९९ रुपये

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान घेऊन मी नुकतीच घरी आले होते. ओसरीवर सुपारीचे घोस, आंबाडे, चिबूड मांडून ठेवलेले, आत नेवऱ्यांचं सारण गॅसवर. तेवढ्यात फोन आला.

"ताई, तुमच्या क्रेडिट कार्डाच्या विभागातून बोलतोय. सकाळी मेसेज पाठवला होता, पाहिलात ना? तुमचे ९,८५० रिवॉर्ड पॉइंट आज रात्री बाद होतायत. एका पॉइंटला एक रुपया, म्हणजे ९,८५० रुपये तुमचे जातील."

माणूस शांत, स्वच्छ मराठीत बोलत होता. असे फोन येतात ते हिंदीतून, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की मराठी ऐकूनच माझा अर्धा संशय गेला. त्यात त्याने माझं पूर्ण नाव सांगितलं, बँकेचं नाव सांगितलं, कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगितले. हे आकडे बँकेतल्याच माणसाला ठाऊक असणार, असं मला वाटलं. आता कळतं की ते चार आकडे कार्ड स्वाइप केल्यावर मिळणाऱ्या पावतीवरही छापलेले असतात. ते ठाऊक असणं ही कसलीच ओळख नव्हे.

सकाळचा मेसेज उघडून मी लिंक दाबली. पान हुबेहूब बँकेचं, तोच रंग, तेच चिन्ह. कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. तो म्हणाला, "फोन ठेवू नका ताई, आता सहा आकडी कोड येईल. पॉइंट रुपयांत बदलायला तो लागतो." कोड आला, मी वाचून दाखवला. हाताला सारणाचा गूळ लागलेला, एका बोटाने स्क्रीन वर सरकवत मी फक्त ते सहा आकडे पाहिले. त्याच मेसेजात ४६,९९९ रुपयांच्या खरेदीसाठी हा ओटीपी आहे आणि तो कुणालाही सांगू नका, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"पहिल्या वेळी अडकलं बघा, आणखी एक कोड येईल," तो म्हणाला. दुसरा मेसेज आला तेव्हा लेक शेजारी उभी होती. तिने पूर्ण वाचला. "आई, यात पैसे जातायत, येत नाहीयेत!" तिने माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला आणि कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन लावून कार्ड ब्लॉक करायला लावलं. दुसरे ३९,५०० वाचले ते तिच्यामुळे.

इथवर जे झालं ते कुणाचंही होऊ शकतं. पुढची चूक मात्र मला जास्त बोचते. लेक म्हणत होती, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन कर. मी म्हटलं, उद्या चवथ, घर पाहुण्यांनी भरेल, सासूबाईंना कळलं तर सणाचा विचका होईल. आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झालं, पाहुणे गेले, मग १९३० ला फोन केला आणि रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या पोलिसाने नीट समजावून सांगितलं: पैसे एकीकडून दुसरीकडे जात असतानाच वाटेत रोखायचे असतात, त्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे. माझ्या पैशांची त्याच दुपारी गिफ्ट व्हाउचरं घेतली गेली होती आणि ती वापरूनही झाली होती. लाज वाटते, सण आहे, रविवार आहे, काहीही असो. आधी बँक, लगेच १९३०, बाकी सगळं नंतर.

बँकेने पैसे परत द्यायला नकार दिला. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला झळ बसत नाही. पण ओटीपी आपणच सांगितला असेल तर तो आपला निष्काळजीपणा धरतात आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

बिल थकवून चालणार नव्हतं. क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. ४६,९९९ चे बारा हप्ते करून घेतले.

सगळं निवल्यावर एका संध्याकाळी लेकीने मला बँकेच्या खऱ्या ॲपमध्ये माझे पॉइंट दाखवले. कार्ड घेऊन चार वर्षं झाली, मी ते पान एकदाही उघडलं नव्हतं. पॉइंट होते ६,२४०, ९,८५० नव्हेत. मुदत पुढच्या मार्चपर्यंत. बिलात वळते केले तर एका पॉइंटला २५ पैसे, म्हणजे सगळे मिळून १,५६० रुपये. व्हाउचर घेतलं तर थोडे जास्त, पण त्यावर ९९ रुपये शुल्क आणि वर १८ टक्के जीएसटी. पेट्रोलला माझ्या कार्डावर पॉइंटच मिळत नाहीत, आणि मी चार वर्षं त्याच भरवशावर पंपावर कार्ड देत होते. हे पान मी आधी एकदा जरी पाहिलं असतं, तर "एका पॉइंटला एक रुपया" हे पहिलं वाक्य ऐकूनच फोन ठेवला असता. म्हणून कळकळीने सांगते, आजच तुमच्या कार्डाचं ॲप उघडा. पॉइंट किती, एकाची किंमत किती, मुदत कधी संपते, हे तीन आकडे वहीत लिहा. पॉइंट वापरायचे तर स्वतः लॉगिन करून वापरा. कुणी फोन करून ते देत नाही. बँकांचे खरे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येणं अपेक्षित आहे. मला आलेला फोन साध्या मोबाइलचा होता.

ते १,५६० रुपये मी बिलातच वळते करून घेतले. हप्ते अजून सात बाकी आहेत.