खिशातली जलरंगांची पेटी: बारा हाफ पॅनचा संच

चित्रासाठी वेगळी खोली आणि मोकळी दुपार हवी असं ठरवलं की चित्र रविवारवर जातं, आणि रविवार निघून जातो. बारा हाफ पॅनची, म्हणजे सुक्या रंगाच्या छोट्या वड्यांची, पत्र्याची पेटी दवाखान्यात नंबर लागेपर्यंतच्या पंधरा मिनिटांतही उघडता येते. मग कागदावर समोरचंच उतरतं: रांगेतल्या माणसाची पाठ, दाराशी काढलेल्या चपला. पेटी चांगली की वाईट, हे एवढ्यावरच जोखावं: उभ्या उभ्या, एका हातात धरून ती वापरता येते का? त्यासाठी पेटीखाली अंगठा अडकवायची कडी हवीच. झाकणात निदान तीन खळगे असावेत. सपाट झाकणात पिवळा निळ्यात ओघळतो आणि सगळंच मातकट होतं.

बाराचा आकडा मात्र फसवा आहे. पांढरा आणि काळा सरळ काढून टाका. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद. अल्ट्रामरीन निळा (रंगद्रव्याचा क्रमांक पीबी २९) आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळले की निळसर राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंतच्या सावल्या मिळतात, आणि तयार काळ्यापेक्षा त्या कितीतरी जिवंत दिसतात. लाल घेताना नावावर जाऊ नका, रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर ८३, म्हणजे अस्सल अलिझरिन, उजेडात विटतो. बंद वहीत चालेल. भिंतीवर लावायच्या चित्राला पीव्ही १९ घ्या.

रिकामे झालेले पॅन ट्यूबमधून भरता येतात, पण एका दमात काठोकाठ नाही. रंग वाळताना आकसतो, भेगा पडतात आणि वडी सुटून बाहेर येते. दोन-तीन थर द्यावेत, आधीचा पुरता सुकल्यावरच पुढचा.

सोबतचा वॉटर ब्रश ही संचातली कच्ची बाजू. दांड्यातच पाणी असल्याने भांडं लागत नाही, हे खरं. पण जरा जास्त दाब पडला की थेंब सुटतो. अर्धवट सुकलेल्या वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या पसरट थरावर, तो पडला, की पाणी रंगाला कडेला ढकलतं आणि फुलासारखा डाग उमटतो. जुन्या मोज्याचा वरचा भाग कापून मनगटावर चढवा आणि प्रत्येक फटकाऱ्याआधी ब्रश त्यावर टेका. आकाशासारखा मोठा वॉश असेल तर साधा गोल ब्रशच बरा.

कागद ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), ए५ किंवा त्याहून लहान. १५० जीएसएमचा पहिल्याच वॉशला फुगून वाकडातिकडा होतो आणि खोलगट भागात रंग साचतो.

पेटी ओली असताना मिटू नका. रंगाला बांधणारा डिंक ओलसर राहिला की बुरशी धरतो. घरी आल्यावर ती रात्रभर उघडी ठेवावी. घेताना झाकण पाच-सहा वेळा उघडझाप करून बघा. बिजागरीची पिन आत्ताच हलत असेल, तर तो नग घेऊ नये.