बँडलॅब की रीपर? खंजिरी भजनापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

खंजिरी भजन असो की झाडीपट्टीची (पूर्व विदर्भाची) दंडार हे लोकनाट्य, गावातच रेकॉर्ड करायचं म्हटलं तर नवख्यासमोर दोन सोपे रस्ते आहेत: फोनवरचं बँडलॅब ॲप किंवा जुन्या लॅपटॉपवरचं रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर.

बँडलॅब फुकट. खातं उघडा, तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे ताल-सुरांचे तुकडे) टाका, इअरफोन लावून वर आवाज भरा. पहिल्याच संध्याकाळी ऐकण्याजोगं काहीतरी हाती येतं. पण प्रोजेक्ट क्लाउडवर चढतो. गच्चीवर गेल्याशिवाय रेंज येत नसेल तर बसा ताटकळत.

रीपरचा इन्स्टॉलर छोटा, पुढे नेट लागत नाही. 60 दिवस सगळ्या सोयींसकट वापरता येतं, नंतर वैयक्तिक परवाना 60 डॉलर. (फुकट नाही, पण फार महागही नाही.) उघडल्यावर मात्र समोर कोरी राखाडी खिडकी. लूप नाहीत, तबला नाही; नवशिका इथंच पळतो.

खंजिरी खरी रेकॉर्ड करणाऱ्यानं पळू नये. माईक चामड्याला चिकटवला तर थाप फाटते. हातभर लांब, जरा तिरपा धरा आणि मीटरची टोकं -12 डेसिबलच्या आसपास ठेवा. चकत्यांची किरकिर नंतर ईक्यूनं (आवाजाचे जाड-बारीक पट्टे कमी-जास्त करणाऱ्या सोयीनं) खाली आणता येते. लाइटचा भरवसा नाही, म्हणून ऑटोसेव्ह आधी चालू करा. आवाज उशिरा ऐकू येत असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका.

लॅपटॉप असेल तर मी रीपरच सांगेन. शेतात चाल सुचली, तर तेवढ्यापुरतं बँडलॅब पुरे.