शिकारी पक्षी बघायला: वढवाणा की वेळावदर?

बडोद्याहून थंडीत एका दिवसात जाऊन यायचं तर हे दोनच पर्याय मनात येतात.

वढवाणा जवळ, डभोईकडे. गायकवाडी काळातला सिंचनाचा तलाव, २०२१ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पहाटे निघालात तर दुपारी शेव-उसळीला घरी परत. तलावाच्या बांधावर उभं राहायचं आणि पाण्यावरच्या वारकरी (कूट) पक्ष्यांवर नजर ठेवायची. विखुरलेला थवा एकदम गोळा होऊन घट्ट झाला की समजावं, वर दलदली भोवत्या (मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी) आलाय. नशीब असेल तर ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षीही दिसतो. पकडलेला मासा तो पायांत डोकं पुढे करून धरतो, म्हणजे वारा कमी अडतो. ते दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं. आजी-आजोबा, मुलं बरोबर असतील तर डोळे मिटून इथेच जा.

वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान भावनगरकडे, एका बाजूचे चार-एक तास. प्रवास अंगावर येतो, प्रवेशशुल्क वेगळं. पण भोवत्यांसाठी त्याला तोड नाही! मध्य आशियातून आलेले माँटेग्यू आणि फिकट भोवत्ये दिवसभर टोळ टिपतात आणि सूर्यास्ताला शेकड्यांनी गवतात मुक्कामाला उतरतात. पंख इंग्रजी व्ही सारखे उचलून गवतावरून तरंगणारा राखाडी नर जवळून गेला, की चेहऱ्यावरची घुबडासारखी गोल झालर दिसते. खरी गंमत सूर्यास्ताला, म्हणून सकाळी पोचण्याची घाई नको. दुपारची फेरी घ्या, रात्री उशिरा परता. पावसाळ्यात उद्यान बंद असतं.

मला विचाराल तर पहिल्यांदा वढवाणा, पण शिकारी पक्ष्यांचंच वेड असेल तर सरळ वेळावदर.