मोंढ्यालगतचे करसल्ला कार्यालय : एका कृषी सेवा केंद्रचालकाचा अभिप्राय

लातूरच्या मोंढ्यालगत (शेतमालाच्या बाजारपेठेलगत) असलेल्या या कार्यालयाकडे आमच्या कृषी सेवा केंद्राचे जीएसटी आणि आयकराचे काम काही वर्षांपासून आहे. वेळेत रिटर्न भरून देणारी कार्यालये शहरात पुष्कळ आहेत. कर बदलला की त्याचा आपल्या मालावर आणि उधारीवर काय परिणाम होईल, हे बिलबुक समोर घेऊन सांगणारी मात्र थोडी आहेत. हे कार्यालय त्या थोड्यांपैकी आहे, असे माझे मत सप्टेंबर २०२५ मधील जीएसटी बदलाच्या वेळी पक्के झाले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संच, तुषार संच आणि फवारणी यंत्रे १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. बातम्या ऐकून आलेल्या गिऱ्हाइकांची समजूत अशी, की दुकानातील सगळाच माल स्वस्त झाला. प्रत्यक्षात पीव्हीसी पाइप आणि रासायनिक कीटकनाशके १८ टक्क्यांवरच राहिली, खते पूर्वीप्रमाणे ५ टक्क्यांत आणि बियाणे करमुक्त. कार्यालयाने आम्हाला पहिली गोष्ट सांगितली ती २१ तारखेच्या रात्रीचा शिल्लक साठा दरानुसार वेगळा लिहून ठेवण्याची. १२ टक्के भरून घेतलेला माल ५ टक्क्यांनी विकायचा, तर मधल्या फरकाचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) बुडणार अशी भीती आम्हा सर्वच दुकानदारांना होती. ते क्रेडिट बुडत नाही, १८ टक्क्यांच्या पाइप व कीटकनाशकांच्या विक्रीवरील करातून वळते करता येते, मात्र त्याच मालाचा केवळ दर घटला म्हणून रोख परतावा मागता येत नाही, हे त्यांनी आमच्याच आकड्यांवर मांडून दाखवले. जे दुकान फक्त ठिबकचेच साहित्य विकते, त्याचे क्रेडिट बराच काळ अडकून राहील, हेही त्यांनी लपवले नाही.

खरी कसोटी उधारीची होती. आपल्याकडे खरिपात माल जातो आणि पैसे सोयाबीन मोंढ्यात आल्यावर येतात. जुलैमध्ये माल देऊन बिल केलेले शेतकरी दिवाळीच्या सुमारास पैसे द्यायला आले, तेव्हा नव्या दराने हिशोब करा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो समजण्यासारखाही होता. माल आणि बिल दोन्ही बदलापूर्वीचे असतील, तर पैसे केव्हाही येवोत, दर जुनाच लागतो. उलट आगाऊ रक्कम ऑगस्टमध्ये घेतली असली, तरी माल व बिल दोन्ही २२ तारखेनंतरचे असतील, तर नवा दर लागतो. हा नियम कार्यालयाने अर्ध्या पानावर सोप्या मराठीत लिहून दिला आणि आम्ही तो काउंटरवर चिकटवला. जुने बिल रद्द करून नव्या दराचे बिल करण्याची युक्ती काही दुकानदार एकमेकांना सुचवत होते; तसे करू नका, माल खरोखर परत आला तरच क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) करा आणि तीही जुन्या दराने, असे त्यांनी स्पष्ट बजावले.

आयकराच्या बाबतीतही त्यांची पद्धत हीच आहे. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर अनुमानित नफा दाखवून रिटर्न भरण्याची सोय आहे. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरला जातो. आमच्या शेजारच्या आडत्यांनीही तीच सोय मागितली, तेव्हा आडतीचे कमिशन या कलमात बसत नाही, तुम्हाला हिशोबाच्या वह्या ठेवाव्याच लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. काम हातचे जाईल म्हणून होकार देणारे सल्लागार असतात; इथे तसे झाले नाही.

‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ या वाक्याने २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर बराच गैरसमज पसरला आहे. ही सवलत नव्या करप्रणालीतील ६० हजारांपर्यंतच्या रिबेटमुळे (करातील सुटीमुळे) मिळते. शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या, विशेष दराने कर लागणाऱ्या नफ्याला ती मिळत नाही. माझ्या धाकट्या भावाला फंड विकण्याआधीच हे कळल्यामुळे त्याने विक्रीचा हिशोब नीट आखला. पैसे कुठे गुंतवावेत, हे मात्र कार्यालय सांगत नाही. विमा किंवा फंड विकत नाही. मला हा त्यांचा गुण वाटतो.

उणिवा आहेत. वैयक्तिक रिटर्नची मुदत २०२५ मध्ये १६ सप्टेंबरपर्यंत लांबली आणि आठवडाभरातच जीएसटीचे दर बदलले. त्या काळात फोन लागत नव्हता आणि सीए साहेबांची भेट रात्री उशिराच मिळे. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. अनेक ग्राहकांच्या आयकर खात्यावर कार्यालयाचाच मोबाईल क्रमांक आणि ईमेल नोंदवलेला असतो. त्यामुळे ओटीपी आणि विभागाच्या सूचना त्यांच्याकडे जातात, आपल्याला पत्ता लागत नाही. मी सांगितल्यावर माझा क्रमांक लगेच बदलून दिला, परंतु ती पद्धत मुळातच नसावी. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्याविषयी लेखी टिपण मागितले, तेव्हा फक्त तोंडी माहिती मिळाली.

शुल्क मोंढ्यातील इतरांपेक्षा जास्त आहे, पण ते आधी ठरते आणि पावती मिळते. नोटिशीचे उत्तर देण्याचे पैसे त्यात धरलेले नसतात, ते काम देण्यापूर्वी विचारून घ्यावे. पगारदारांचे साधे रिटर्न असेल, तर इतका खर्च करण्याची गरज नाही, आयकर विभागाच्या संकेतस्थळावर ते स्वतः विनामूल्य भरता येते. उधारी, शिल्लक साठा आणि दोन-तीन दरांचा माल असलेल्या दुकानदाराने मात्र इथे जावे, आणि जाताना दरानुसार साठ्याची यादी सोबत न्यावी.