१०० एम्पियर-अवर सांगून १६ची बॅटरी गळ्यात मारली: माशांच्या टँकचा बॅकअप घेणाऱ्यांनी वाचाच

राग त्या विकणाऱ्यावर आहे, पण झोप उडवतो तो स्वतःवरचा राग. कारण ही फसवणूक कुठे दडवलेली नव्हती. ती चार्जरच्या स्टिकरवर छापलेली होती आणि ते स्टिकर मी वाचलं होतं.

सांगून विकलं ते असं: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १२.८ व्होल्ट, १०० एम्पियर-अवर (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप). सोबत त्याच डब्यात प्युअर साइन वेव्ह (मेनसारखीच गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर. लाइट गेली की १० मिलिसेकंदांत टँक आपोआप बॅटरीवर. ७० टक्के पैसे आगाऊ घेतले, ३० टक्के जोडून दिल्यावर. टँक २०० लिटरचा, त्यावर २० वॉटचा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा, बंद डब्याचा) फिल्टर आणि ४ वॉटचा एअर पंप. त्याने हिशेब मांडला, १२८० वॉट-अवर भागिले २४, म्हणजे दोन दिवस चिंता नाही.

चाललं ४ तास ४० मिनिटं. लाइट गेली होती सात तास, तीही रात्रीची. टँकमध्ये झाडं असली की अंधारात तीही ऑक्सिजनच वापरतात. त्यात पाणी कोमट असेल तर मुळातच ऑक्सिजन कमी मावतो. १४पैकी ११ मासे गेले, मोठे आधी.

आता तो चार्जर. स्टिकरवर लिहिलं होतं: आउटपुट १२.६ व्होल्ट, २ एम्पियर. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी भरायला १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात. १२.६ हा आकडा तीन साध्या लिथियम-आयन सेलचा आहे. बरं, केमिस्ट्री कळली नाही असं धरू. पण २ एम्पियरने १०० एम्पियर-अवर भरायला पन्नास तास लागतात, हा तर शाळेतला भागाकार आहे. डबा पहिल्याच रात्री नऊ तासांत भरला, हिरवा दिवा लागला, आणि मी समाधानाने पुढच्या कामाला लागलो. त्या हिरव्या दिव्यापाशी थांबायला हवं होतं. नऊ तास गुणिले दोन, १८. त्याहून जास्त त्यात मावतच नव्हतं.

वजनही बोलत होतं. १०० एम्पियर-अवरची खरी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी एकटीच १० ते १२ किलो भरते. इथे इन्व्हर्टरसकट अख्खा डबा ५.८ किलोचा. मी तो एका हाताने उचलून कपाटात ठेवला.

माझ्या बाजूने एवढंच म्हणेन की डेमो समोर झाला होता. मेन बंद केला, फिल्टर क्षणभरही थांबला नाही, डिस्प्लेवर चारही काड्या भरलेल्या. समोर चालणाऱ्या वस्तूवर कोणीही विश्वास ठेवेल. पण डेमो दहा मिनिटांचा होता आणि दहा मिनिटांत हा भार सहा-सात वॉट-अवर खातो. तेवढं मरत आलेल्या बॅटरीतही असतं. काड्या व्होल्टेजवरून दिसतात, आत उरलं किती ते त्या सांगत नाहीत. डेमो दहा मिनिटांचा घेऊ नका, रात्रभराचा घ्या, आणि उरलेले पैसे सकाळी द्या.

डबा उघडला तेव्हा आत १८६५० आकाराचे ३० जुने सेल निघाले, तीनच्या माळेत दहा-दहा. काहींवर आधीच्या वेल्डिंगचे ओरखडे, एका सेलचं आवरण सोललेलं. खाली टेपने घट्ट गुंडाळलेली वाळूची पिशवी, वजन वाढवायला. वॉटमीटर लावून मोजलं तर १६ एम्पियर-अवर, म्हणजे जेमतेम १७६ वॉट-अवर. सांगितल्याच्या चौदा टक्के.

इन्व्हर्टरही प्युअर साइन वेव्ह नव्हता. बॅटरीवर गेल्यावर फिल्टरचा आवाज बदलून घरघर सुरू व्हायची. विचारलं तर म्हणाला, नवीन आहे, बसेल हळूहळू. काही बसत नाही. पायऱ्यापायऱ्यांच्या वेव्हवर चुंबकाच्या रोटरची मोटर थरथरते, तापते, आणि कधी बंद पडल्यावर पुन्हा उठत नाही. शिवाय तो इन्व्हर्टर रिकामा चालतानाच ९ वॉट खात होता. एअर पंपाच्या दुपटीहून जास्त! त्याच्या दोन दिवसांच्या हिशेबात हे ९ वॉट नव्हते आणि इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारे दहा-पंधरा टक्केही नव्हते. बॅटरी खरी १०० एम्पियर-अवरची असती तरी ३४-३५ तासांपुढे गेली नसती.

आणि ते १० मिलिसेकंद! माशांना त्याचं काय? दहा सेकंद पंप थांबला तरी काही बिघडत नाही. तो आकडा कॉम्प्युटरसाठी असतो. विचारायचं ते वेगळंच: भार ५ वॉटच्या खाली गेला तर हे आपोआप बंद होतं का? कित्येक पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेले तयार डबे) होतात आणि एकटा एअर पंप त्यांना भार वाटतच नाही.

खरं तर ऑक्सिजनपुरता इन्व्हर्टर लागतच नाही. १२ व्होल्टचा ४ वॉटचा डीसी एअर पंप साधारण ०.३३ एम्पियर घेतो. ७ एम्पियर-अवरची साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धीच वापरली तरी दहा तास निघतात. ते ११ मासे एवढ्याशा बॅटरीवर वाचले असते. जोडणी अशी: मेनच्या व्होल्टेजची कॉइल असलेला रिले (विजेने आपोआप उघडमीट होणारा स्विच) घ्या. बॅटरीच्या प्लसजवळच ३ एम्पियरचा फ्यूज, तिथून रिलेच्या कॉमन (समाईक) टोकाला, आणि एनसी (कॉइलला वीज नसताना जोडलेल्या) टोकावरून पंपाला. लाइट असेपर्यंत कॉइल संपर्क उघडा धरते. लाइट गेली की तो आपोआप मिटतो आणि पंप सुरू होतो. कॉइल टँकच्याच सॉकेटवर घ्या. दुसऱ्या लाइनवर घेतली तर फक्त टँकचा एमसीबी पडल्यावर रिलेला पत्ताच लागणार नाही. बॅटरीवर १३.६ ते १३.८ व्होल्टचा फ्लोट चार्जर (बॅटरी भरलेली राखणारा) कायम राहू द्या. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घाला, नाहीतर पाणी उलटं पंपात येतं. मेनची बाजू जाणकार वायरमनकडून बंद डब्यात करून घ्या.

हीटर बॅटरीवर चालवायचा विचारच सोडा. २०० लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे २३२ वॉट-अवर लागतात. टँकला जाड पांघरूण गुंडाळा. कॅनिस्टर काही तास बंद राहिला असेल तर लाइट आल्याबरोबर चालू करू नका. आतलं पाणी ऑक्सिजनविना सडतं आणि ते थेट टँकमध्ये येतं. आधी उघडा, मीडिया (आतला स्पंज वगैरे गाळण्याचा माल) टँकच्या काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या, मगच सुरू करा.

तक्रारीचं काय झालं? विकणारा म्हणाला, सील तोडलंत, वॉरंटी संपली. सील न तोडता वाळू दिसणार कशी? मग १५ टक्के परत देतो म्हणाला, तेही डबा त्याच्याकडे जमा केल्यावर. म्हणजे पुरावाही त्याच्याच हातात! पैसे ज्या अ‍ॅपने दिले त्यांचं उत्तर, व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात. पोलिसांनी ऐकून न घेताच सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. ग्राहक तक्रार कक्षात पाच खेटे घातले. पहिल्यांदा फॉर्म चुकीचा. दुसऱ्यांदा फोटो नकोत, प्रयोगशाळेचा अहवाल आणा. तिसऱ्यांदा, अशी चाचणी कुठे होते ते आम्ही सांगू शकत नाही. चौथ्यांदा साहेब रजेवर. पाचव्यांदा एकाने बिल नीट पाहिलं आणि विचारलं, यात १०० एम्पियर-अवर लिहिलंय कुठे? बिलावर होतं, "पॉवर बॉक्स, १ नग". मेलेल्या माशांचा विषय काढला तर शेजारच्या टेबलावरचे हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं?

बिलावर केमिस्ट्री, व्होल्ट, एम्पियर-अवर आणि वेव्हचा प्रकार शब्दांत लिहून घ्या, लिहायला नकार दिला तर तिथूनच मागे फिरा. ३० सेल, वाळूची पिशवी आणि चार्जर मी तसेच ठेवले आहेत. अर्जावर अजून एकच शेरा आहे, "तपशील अपुरा".